बरे झाले, पण दम किती उरला?



कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत, असे भूगोलाच्या पुस्तकात असते. पुस्तकातील हा पायथा सपाट असतो. इथल्या माणसाच्या वाट्याला तो तसा येत नाही. खांडसकडचा माणूस भीमाशंकरच्या वाटेवर रानात चढतो, कोथळीगडाखालच्या पेठेतला आंबिवलीला उतरतो आणि बाजार करून पुन्हा चढतो. माथेरानच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यांतील बायाबापड्या भाजी, दूध, लाकूडफाटा डोक्यावर घेऊन डोंगर चढत आल्या आहेत. खोपोलीचा कामगार पाळीच्या भोंग्याबरोबर धावतो. आणि ज्याचा डोंगराशी काही संबंध नाही असे वाटते, तो मुंबईला नोकरीसाठी जाणारा कर्जतकर रोज शंभर किलोमीटर जाऊन शंभर किलोमीटर परत येतो व त्यात रेल्वेच्या पुलांचे किती जिने चढतो, हे त्याने कधी मोजलेले नसते. या प्रदेशात जगणे म्हणजे चढणे होय. म्हणून श्वसनाच्या एखाद्या विषाणुजन्य आजारातून माणूस ‘बरा झाला’ असे इथे केव्हा म्हणायचे, हा प्रश्न शहरातल्यापेक्षा निराळा ठरतो.

कोरोनाच्या काळात या प्रश्नाचे उत्तर फार सोपे करून टाकण्यात आले होते. ताप गेला, अहवाल निगेटिव्ह आला, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७ आकडा दिसला, की माणूस बरा. रुग्णालयातील खाटा अपुऱ्या होत्या, दाराशी दुसरा रुग्ण उभा होता. त्या दिवसांत याहून अधिक सूक्ष्म विचार करण्यास सवड नव्हती, हे मान्य केले पाहिजे. त्याबद्दल डॉक्टरांना किंवा परिचारिकांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण सवड मिळाल्यानंतरही व्याख्या तीच राहिली. घरी आलेला माणूस ओट्यावर बसलेला असताना ठणठणीत दिसे. तो हंडा घेऊन विहिरीवर गेला, की अर्ध्या वाटेत बसे. ‘दम लागतो’ असे म्हणे. घरचे म्हणत, अशक्तपणा आहे. मुकादम म्हणे, अंगचोरी आहे. दोघांपैकी कोणाकडेच मोजमाप नव्हते.

बसलेल्या माणसाचा आकडा चांगला आणि चालणाऱ्याचा वाईट, असे का व्हावे, हे समजून घेणे अवघड नाही. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू लागतो. चढावर ओझे घेऊन जाताना ही गरज कित्येक पटींनी वाढते. सशक्त माणूस नेटाचे काम करतो तेव्हा ती दसपटीवर जाते. फुफ्फुसांतील वायुकोशांना बिलगलेल्या केशवाहिन्यांमधून रक्त वाहते, तेथेच त्याला प्राणवायू मिळतो. बसलेल्या अवस्थेत रक्ताचा कण तेथे साधारण पाऊण सेकंद असतो. एवढा वेळ त्याला पुरून उरतो. परिश्रमात हृदय वेगाने चालते, रक्ताची घाई होते आणि तोच काळ पाव सेकंदापर्यंत खाली येतो. निरोगी फुफ्फुसाला पाव सेकंदही पुरतो. ज्याचा पडदा आजाराने जाड झाला आहे, व्रणांनी आखडला आहे, त्याला पुरत नाही. खाटेवर झाकलेले व्यंग चढावर उघडे पडते ते असे. शिवाय दोष दर वेळी फुफ्फुसातच असतो असेही नाही. कधी विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असते. कधी महिनाभर पडून राहिल्यामुळे मांडीचे आणि पोटरीचे स्नायू झिजलेले असतात. कधी मुळातला रक्तक्षय आजाराने उघड होतो. ओट्यावर बसवून यांपैकी काहीच नीट दिसत नाही.

महाराष्ट्राला हे कळले नव्हते असे नाही. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट ऐन भरात असताना राज्याच्या आरोग्य विभागाने जनतेला एक आवाहन केले होते. ज्यांना ताप, सर्दी, खोकला आहे किंवा जे घरीच विलगीकरणात आहेत, त्यांनी घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पाहावे. चालण्यापूर्वी ऑक्सिमीटरचा आकडा टिपावा. कठीण, सपाट जमिनीवर मध्यम गतीने, न थांबता चालावे. जिन्यावर चालू नये. नंतर पुन्हा आकडा पाहावा. एक-दोन टक्क्यांची घट झाली तर घाबरू नये, दिवसातून एक-दोनदा चाचणी करीत राहावी. मात्र आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा आरंभीच्या आकड्यापेक्षा तीनहून अधिक टक्क्यांनी उतरला, किंवा धाप लागली, तर रुग्णालय गाठावे. साठीच्या पुढील व्यक्तींनी तीनच मिनिटे चालावे आणि दम्याच्या रुग्णांनी ही चाचणी करू नये, अशीही सूचना त्यात होती. ज्यांचा प्राणवायू खालावत असूनही त्यांना तसे जाणवत नव्हते, अशा रुग्णांसाठी हे आवाहन मोलाचे होते.

पण त्याचा उद्देश आजाराच्या भरात धोका ओळखणे एवढाच होता. लाट ओसरली, तशी ती सहा मिनिटेही विस्मरणात गेली. वास्तविक आजारानंतर, तीन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी त्या चालण्याची खरी गरज होती आणि आजही आहे. कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. तरी तो विषाणू गेलेला नाही, आणि इन्फ्लुएन्झा तर दर पावसाळ्यात येतोच. १९१८ च्या साथीत इन्फ्लुएन्झा मुंबईहून देशभर पसरला आणि एक कोटीहून अधिक माणसे दगावली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली, ती मुख्यतः त्यामुळे. मृतांचा हिशेब शिरगणतीत कसाबसा लागला. वाचलेल्यांपैकी किती जण पुन्हा नांगर धरू शकले, हे शिरगणतीच्या रकान्यांत मावणारे नव्हते.

सहा मिनिटांच्या या चाचणीची कुळकथा मनोरंजक आहे. अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये जवानांची क्षमता जोखण्यासाठी बारा मिनिटांत किती अंतर धावता येते, ही कसोटी रूढ केली. १९७६ च्या सुमारास ब्रिटनमधील डॉक्टरांनी जुनाट श्वासनलिकादाहाच्या रुग्णांसाठी धावण्याचे चालणे केले. रुग्णांना बारा मिनिटेही जड जातात असे दिसल्यावर १९८२ मध्ये ती सहावर आणली गेली, आणि २००२ मध्ये अमेरिकेतील श्वसनरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तिची पद्धत निश्चित करून दिली. म्हणजे सैनिकांच्या धावण्यातून निघालेली ही कसोटी रुग्णाच्या पावलापर्यंत खाली उतरत आली.

आपल्याकडे रुग्णाची पारख करताना त्याचे परिश्रमाचे बळ पाहण्याची दृष्टी फार जुनी आहे. चरकाने सांगितलेल्या दशविध परीक्षेत प्रकृती, विकृती, सार यांच्याबरोबर आहारशक्ती आणि व्यायामशक्ती यांचीही गणना आहे. आणि व्यायामशक्ती कशावरून ओळखावी, तर काम करण्याच्या सामर्थ्यावरून, असे त्याचे म्हणणे आहे. व्यायाम निम्म्या शक्तीनेच करावा, असे सांगून सुश्रुताने ती निम्मी शक्ती ओळखण्याची खूण दिली आहे: परिश्रम करताना हृदयस्थानीचा वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजे अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. श्वास आणि परिश्रम यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने पाहणारी ती दृष्टी होती. मात्र म्हणून मिनिटे आणि मीटरही आपल्याच ग्रंथांत होते, असा दावा करण्याची गरज नाही. तो मोह आवरलेला बरा. दृष्टी आपली आहे, मोजपट्टी बाहेरून आली आहे. दोन्ही हाती असताना रुग्ण मात्र न मोजलेला राहतो, याची खंत अधिक वाटावयास हवी.

या चाचणीला लागते काय? तीस मीटर सरळ, सपाट, कठीण जागा, दोन खुणा, एक घड्याळ, एक ऑक्सिमीटर, एक खुर्ची. सुंभाच्या दोरीला दर तीन मीटरवर गाठ मारली, की मोजपट्टी झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेची पडवी, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर यांपैकी काहीही चालते. जागा तीस मीटरची नसेल तर वळणे वाढतात आणि अंतर कमी भरते. म्हणून पहिली चाचणी जिथे झाली, तिथेच पुढच्या सर्व व्हाव्यात. रुग्णाने आधी दहा मिनिटे स्वस्थ बसावे. नाडी आणि आकडा टिपावा. धाप किती लागते आहे, हे त्यालाच शून्य ते दहा या मापात सांगायला लावावे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या नावाने हे माप ओळखले जाते. ज्याला आकड्यांची सवय नाही, त्याने ‘काहीच नाही’पासून ‘आता पुरे’पर्यंत बोटांवर दाखवले तरी भागते. मग त्याने आपल्या चालीने चालावे. धावू नये. लागेल तिथे थांबावे, भिंतीला टेकावे; घड्याळ मात्र थांबवायचे नाही. कार्यकर्त्याने त्याच्या बरोबरीने चालू नये, कारण मग चाल रुग्णाची न राहता कार्यकर्त्याची होते. दर मिनिटाला ‘छान चालला आहात, अजून इतकी मिनिटे आहेत’ एवढेच, सर्वांना सारख्याच शब्दांत सांगावे. एकाला टाळ्या आणि दुसऱ्याला मौन, असे झाले तर आकडे खोटे पडतात.

निरोगी प्रौढ माणूस सहा मिनिटांत साधारण चारशे ते सातशे मीटर चालतो. उंची, वय, स्त्री-पुरुष यांनुसार यात फरक पडतो आणि परदेशी कोष्टके आपल्या अंगाला बरोबर बसतातच असे नाही. डोंगरात वाढलेला ठाकूर तरुण आजारी असतानाही कार्यालयात बसणाऱ्या निरोगी माणसापेक्षा अधिक चालू शकेल. त्यावरून त्याला बरे ठरवणे म्हणजे त्याच्याच काटकपणाची शिक्षा त्याला देणे होय. म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच व्हावी: पहिल्या वेळी किती, महिन्याने किती. दोन चाचण्यांत तीसेक मीटरचा फरक पडला, तर तो विचारात घेण्याजोगा समजतात. त्याहून कमी फरक रोजच्या चढउतारात धरावा. जिथे तीस मीटर जागाच नाही, तिथे हात न टेकता एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठबस होते, हे मोजण्याची रीतही आहे. खुर्ची मात्र दर वेळी तीच हवी.

ऑक्सिमीटरबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्यावर आपला विश्वास गरजेपेक्षा जास्त बसला आहे. थंड बोटावर, मेंदी किंवा नखरंग लावलेल्या बोटावर, हलत्या हातावर तो चुकतो. त्वचा सावळी असेल तर तो खऱ्यापेक्षा अधिक आकडा दाखवण्याची शक्यता असते. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्राला न दिसलेली प्राणवायूची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली होती. उन्हात राबणाऱ्या कातकरी बांधवाच्या बोटावरचा ९४ आकडा म्हणूनच सावधपणे वाचला पाहिजे. दुसरे असे की, रक्तात जेवढे हिमोग्लोबिन आहे त्यातले किती प्राणवायूने भरले आहे, एवढेच यंत्र सांगते; हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे त्याला ठाऊक नसते. रक्तक्षयाने पांढऱ्या पडलेल्या स्त्रीचा आकडा ९९ येऊ शकतो आणि तरी ती दहा पावलांत धापा टाकते. अशा वेळी आकड्यापेक्षा बाईवर विश्वास ठेवावा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, वजन उतरत राहिले, संध्याकाळी ताप चढू लागला, तर सगळा दोष विषाणूच्या माथी न मारता थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करवून घ्यावी.

चाचणी कोणाची करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आलेला, छातीत वारंवार दुखणारा, बसल्या जागी नाडी १२० च्या वर असणारा, रक्तदाब फार चढलेला माणूस कार्यकर्त्याने चालवू नये. तो डॉक्टरांचा विषय आहे. चालताना छातीत कळ आली, पाय लटपटले, दरदरून घाम फुटला, चेहरा पांढराफटक पडला, तर त्याच क्षणी थांबवून बसवावे. चालल्यावर आकडा उतरला, तर कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा कशेळे, चौक येथील ग्रामीण रुग्णालय गाठावे. फुफ्फुस, हृदय आणि स्नायू यांपैकी दोष कोठे आहे, हे निश्चित करणारी मोठी चाचणी, ज्यात तोंडावर मुखवटा बांधून सायकल चालवायला लावतात आणि श्वासातील वायू मोजतात, ती शहरांतील मोजक्या रुग्णालयांत होते. प्रत्येकाला तिची गरज नसते. कोणाला आहे, ते निवडण्यासाठीच ही सहा मिनिटे आहेत.

आता एक गोष्ट, जी आपल्यासारख्या व्यायामप्रिय मंडळींना कदाचित रुचणार नाही. आजारातून उठलेल्याला सूर्यनमस्कार घालायला लावा, मैदानावर आणा, आठ दिवसांत रंग पालटेल, असा सल्ला आपल्यातील अनेक जण प्रेमाने देतात. बहुतेकांच्या बाबतीत क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम उपकारकच ठरतो. परंतु काही रुग्ण असे असतात की, ते चाचणीच्या दिवशी चांगले चालतात, आकडाही उतरत नाही, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मात्र अंथरुणाला खिळतात. अंग ठणकते, डोके चालेनासे होते, झोपेने थकवा जात नाही. हा आळस नव्हे आणि मनाचा खेळही नव्हे. कोरोनानंतर तीन महिन्यांनीही रेंगाळणाऱ्या लक्षणांची जी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली, तिच्यात थकवा आणि धाप यांना अग्रस्थान आहे. अशा माणसाला जोर लावून चालवले तर तो अधिकच खचतो. त्यामुळे चाचणीनंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन ‘काल-परवा कसे गेले?’ हे विचारल्यावाचून चाचणी पुरी झाली असे मानू नये. हृदयाच्या स्नायूला सूज असल्याचे निदान झालेल्या तरुणाने तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत कबड्डीच्या मैदानापासून दूरच राहिले पाहिजे. खेळाडूंच्या बाबतीत हा काळ तीन ते सहा महिन्यांचा धरतात.

या साऱ्याचा पोटाशी संबंध आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. उचल घेतलेली असते म्हणून आजारातून उठलेल्याला थांबता येत नाही. आणि तिथे धूर असतो, धूळ असते, ओझे असते. ‘अजून पंधरा दिवस हलके काम द्या’ असे त्याने स्वतः म्हटले तर कोणी ऐकत नाही. दोन तारखांना मोजलेले दोन आकडे आणि आरोग्य केंद्राचा शिक्का असलेला कागद त्याच्या हाती असेल, तर निदान बोलणे सुरू होते. माथेरानला माणसांनी ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. त्याआधीची कित्येक दशके तो चढ माणसाच्या छातीच्या भात्यावर चढला गेला, आणि आजारातून उठलेल्या गड्याचा दम तिथे मोजला तो चढानेच.

चढाने घेतलेली परीक्षा किती कठोर असते, हे खालापूरने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर जाऊ शकत नव्हती. भर पावसात, निसरड्या पायवाटेने तासाहून अधिक चढून माणसेच वर गेली. मदतीसाठी निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा त्या चढावरच हृदयविकाराने अंत झाला. त्या घटनेचा कोणत्याही विषाणूशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण ज्या वाटेवर संकटकाळी प्रशिक्षित माणसाचीही अशी कसोटी लागते, तसल्याच वाटा या दोन तालुक्यांतील अनेक वाड्यांची रोजची ये-जा आहे, आणि नुकतीच न्यूमोनियातून उठलेली गर्भवतीही त्याच वाटेने वर जाते.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. खाट, चाकांची खुर्ची, कुबड्या ही साधने तेथून नाममात्र शुल्कात मिळतात. अशा केंद्राच्या कपाटात गाठी मारलेली एक दोरी, एक पारखून घेतलेला ऑक्सिमीटर आणि एक वही ठेवणे अवघड नाही. आशा कार्यकर्ती, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि गावातील दोन तरुण यांना एका सकाळी ही पद्धत दाखवता येते. सकाळीच, कारण दुपारच्या उन्हात आणि उकाड्यात घेतलेले आकडे सकाळच्या आकड्यांशी ताडता येत नाहीत. वहीत नाव, वय, आजाराची तारीख, चालण्याआधीचा आणि नंतरचा आकडा, नाडी, अंतर, किती वेळा थांबला आणि तिसऱ्या दिवशीची प्रकृती हे रकाने असावेत. त्यांच्या पुढे आणखी एक रकाना आखावा आणि तो रुग्णाला विचारून, त्याच्याच शब्दांत भरावा: कोणत्या कामावर परत जायचे आहे. भाताची लावणी, भट्टी, घाटातली मोळी, सकाळची लोकल, जे असेल ते.